दुसऱ्याचं घर सांगताना

खोटं बोलणं वेगळं आणि लेणी दाखवणं वेगळं, हे मी आजवर पुष्कळांना पटवून दिलेलं आहे. त्यात माझी बायकोही आली. अजिंठ्याला जागोजागी भिंतींवरचा रंग उडालेला आहे. पर्यटक बिचारा सातासमुद्रापलीकडून येतो, पायऱ्या चढून धापा टाकत आत शिरतो आणि समोर त्याला दिसतो चुन्याचा एक पोपडा. तिथं टॉर्च धरून आपण सांगायचं, की ही राजकन्या बसली आहे, तिच्या गुडघ्यापाशी दासी आहे आणि दासीच्या तबकात आंबे आहेत. आंबे नसतीलही. पण नीट सांगितलं की माणूस मान डोलावतो, 'दिसले' म्हणतो, आणि एकदा दिसले म्हणाला की ते त्याला जन्मभर दिसत राहतात. यात खोटं काय? माझा वाटा फक्त टॉर्चचा.

आम्हा गाइड लोकांत मात्र एक कायदा आहे, कुठं लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. थापा सगळ्यांच्या, किस्सा ज्याचा त्याचा. एका जर्मन म्हाताऱ्याचा चष्मा वानरानं पळवला आणि वर झाडावर बसून तो लावून खाली बघत राहिला, हा किस्सा माझा आहे. मी तापानं फणफणून घरी पडलो तरी दुसरा कुणी आपल्या ग्रुपला तो सांगणार नाही. कुणी सांगितलाच, तर भांडण होत नाही. तो चहाच्या टपरीवर आला की बाकीचे गप्प होतात, एवढंच. आमच्यात तेवढं पुरतं. आता मी टपरीकडं जायचं टाळतो, आणि कुणी मला काही म्हणालेलं नसताना टाळतो.

गेल्या उन्हाळ्यात धंदा बसलेला होता, तेव्हा मी आणि कृष्णा स्पॅनिश शिकायला जाऊ लागलो. कृष्णा आमच्यातला सगळ्यात नवा. तिशीचा, बिडकीनचा, बाप लहानपणीच गेलेला, आईनं शिलाई मशीनवर वाढवलेला. लेण्यांवर जायच्या सोयीसाठी चिकलठाण्याला भाड्याच्या खोलीत राहायचा, पण सोमवारी लेणी बंद असतात म्हणून रविवारी संध्याकाळी पिशवी भरून आईकडं जायचाच. एक हंगाम स्पॅनिश ग्रुप मिळाले, की खोली सोडायची, मोटारसायकल घ्यायची आणि गावच्या घरातूनच जाऊन-येऊन काम करायचं, हे त्याचं स्वप्न तो चहाच्या प्रत्येक कपाबरोबर सांगायचा. "घर आहे ना नाना आपलं," म्हणायचा. "माणसाला दुसरं काय लागतंय." त्याच्याकडं दुसरं काही नव्हतंही.

तनुजा मॅडमचा वर्ग समर्थनगरात एका चष्म्याच्या दुकानावरच्या खोलीत भरायचा. बाहेर वैशाखाचं ऊन, आत खडखडणारा कूलर आणि त्या खडखडाटावर आवाज चढवून आम्ही दहाबारा घोडे 'कासा, पुएर्ता, यावे' म्हणत असायचो. म्हणजे घर, दार, किल्ली. धडा मालमत्तेचा होता. पेटीला बाउल, विहिरीला पोसो, वारशाला एरेन्सिया, मालकाला दुएन्यो. मॅडमची पद्धत अशी, की शब्द नुसता घोकायचा नाही. जोडीदाराकडं काय काय आहे ते मराठीत विचारून घ्यायचं, आणि मग आपणच तो आहोत असं धरून, उभं राहून, ते सगळं आपलं म्हणून सांगायचं. "लाजू नका," त्या म्हणाल्या. "दुसऱ्याचं आपलं म्हणताना जीभ सैल सुटते."

आधी कृष्णा उभा राहिला आणि माझी इस्टेट सांगू लागला. सिडकोतलं घर, स्कूटर, कपाट, बायको.

"माणसं यात येत नाहीत, कृष्णा," मॅडम म्हणाल्या.

"मग मॅडम नानांकडं काहीच उरत नाही. घर वहिनींच्या नावावर आहे."

वर्ग हसला, मीही हसलो, आणि माझी पाळी आली. कृष्णानं मला तीनच गोष्टी सांगितल्या होत्या: घर, आईचं शिलाई मशीन आणि एक लोखंडी पेटी. पाच वाक्यं म्हणून खाली बसायचं होतं. पण रिकामी भिंत दिसली की माझा हात टॉर्चकडं जातो, त्याला इलाज नाही. मी म्हणालो, माझ्या घराचं दार निळं आहे, आणि ते खाली घासतं म्हणून कडीला धरून जरा उचलावं लागतं, तरच उघडतं. मशीनच्या फळीवर इस्त्रीच्या टोकाचा काळा डाग आहे. पेटीचं झाकण उघडलं की आतल्या बाजूला कॅलेंडरवरचं एका जहाजाचं चित्र चिकटवलेलं आहे. शब्द अडले तिथं मॅडमना विचारत गेलो आणि पुढं सांगत गेलो. संपलं तेव्हा वर्गानं टाळ्या वाजवल्या. कृष्णा तेवढा हात मांडीवर ठेवून बसून राहिला.

खाली जिन्यात त्यानं मला गाठलं. "नाना, तुम्ही आलता का कधी आमच्या घरी?"

"नाही बा."

"मग जहाजाचं कसं ठावं तुम्हाला?"

"लेका, फेकलं मी ते. जहाजाला बार्को म्हणतात, तो शब्द तेवढ्यात पाठ झाला होता."

तो हसला. "लई पोचलेले आहात," म्हणाला. मला तर गुदगुल्या झाल्या. आजवर माझ्या थापेतले आंबे दुसऱ्याला दिसत आलेले. खरोखर तबकात निघाले ते पहिल्यांदा.

पुढच्या मंगळवारी तो मजेनं सांगू लागला, की घरी गेलो तर दारच उघडेना. ढकललं, लाथ मारली, शेवटी आईनं आतून उघडलं. ती म्हणाली, अरे उचल की कडीला धरून, जन्म गेला तुझा त्या दारात. "तुम्ही त्या दिवशी काय म्हणला होता नाना, डावीकडून उचलायचं का उजवीकडून?" मला वाटलं, पोरगं माझी फिरकी घेतंय. म्हणून मीही ऐटीत सांगितलं, उजवीकडून, आणि गुडघा टेकवून. त्यानं मान हलवली. लक्षात ठेवणारा माणूस हलवतो तशी.

खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. पण चटक ही चीज वाईट. दर आठवड्याला मी वर्गात कृष्णाचं घर थोडं थोडं सांगू लागलो, आणि गंमत अशी, की मला आता जुळवावं लागेनासं झालं. तोंड उघडलं की पुढचं आपोआप यायचं. परसातला शेवगा, त्याला अडकवलेली सायकलची जुनी रिंग. चुलीमागच्या कोनाड्यात मिठाची बरणी, तिचं झाकण दुसऱ्याच बरणीचं. न्हाणीतल्या दगडाचा एक कोपरा घोट्यांना लागून गुळगुळीत झालेला. मी सांगायचो आणि कृष्णाकडं बघायचो. सुरुवातीला तो चमकायचा, मग नुसता मान हलवायचा, आणि पुढं पुढं मागच्या बाकावर बसून इतरांसारखा कौतुकानं ऐकू लागला. त्याची स्वतःची पाळी आली की मात्र 'तेंगो उना कासा', माझ्याकडं एक घर आहे, एवढं म्हणून अडायचा. मॅडम म्हणायच्या, आठव, घरात काय काय आहे? तो छताकडं बघत राहायचा. "सुचत नाही मॅडम. नानांना विचारा."

यावरही सगळे हसायचे. मीही हसायचो, नाही म्हणत नाही.

हंगाम सुरू झाला. दिवाळी संपता संपता मला मेक्सिकोच्या लोकांचा मोठा ग्रुप मिळाला, आणि सोबत मदतीला म्हणून मी कृष्णाला घेतलं. लेणी बघून झाल्यावर खाली झाडाखाली सगळे जेवायला बसले, तेव्हा एका म्हातारीनं मला विचारलं, तुमचं स्वतःचं घर आहे का, कसं आहे? साधा प्रश्न. सिडकोतलं घर सांगता आलं असतं. पण सिडकोतल्या घरात सांगण्यासारखं काय असतं? ग्रिल असतं आणि पाण्याची टाकी असते. मी म्हणालो, माझ्या घराचं दार निळं आहे.

आजवर माझ्या थापांना लोक हसले आहेत, अवाक झाले आहेत, बक्षीसही देऊन गेले आहेत. पण त्या दिवशी जेवणाऱ्यांचे हात ताटांवर थांबले. मी मशीनची फळी सांगितली, तिच्यावरचा डाग सांगितला, शेवग्याची फुलं सकाळी अंगणात पडतात ती झाडणाऱ्याच्या पायाखाली कशी मऊ लागतात ते सांगितलं, आणि म्हातारी रडू लागली. खोट्यावर कुणी रडावं, असं माझ्या उभ्या आयुष्यात घडलं नव्हतं. मला अभिमान वाटला. आणि त्या अभिमानात आठवलं, की हे दुसऱ्याचं आहे, तो चार हातांच्या अंतरावर पाण्याच्या बाटल्या घेऊन उभा आहे आणि मी त्याच्यादेखत ते सांगतो आहे. आमच्यात मेलं तरी कुणी असं करत नाही. तो आता गप्प होईल, उद्या टपरीवर सगळेच गप्प होतील, हे मला दिसू लागलं.

कृष्णा गप्प झाला नाही. बस निघाल्यावर माझ्याजवळ आला आणि मनापासून म्हणाला, "नाना, काय सांगता हो तुम्ही तुमच्या घराचं. ऐकत राहावं वाटलं. कोणतं गाव म्हणायचं तुमचं?"

मी त्याच्या तोंडाकडं बघितलं. डोळ्यांत कुठं मस्करी लपली आहे का ते शोधलं. नव्हती.

"बिडकीन," मी म्हणालो.

"अरे वा. पैठण रोडचं? नाव ऐकलंय."

तो बरा होता, हे मी सांगितलं पाहिजे. तब्येत सुधारलेली, स्पॅनिश माझ्याहून सफाईदार, येणाऱ्याजाणाऱ्याशी हसून बोलायचा. बाकी सगळं त्याला आठवत होतं: शाळा, मित्र, बसचे नंबर, माझी उधारउसनवारीही. नुसता एक कोपरा स्वच्छ झाला होता आणि त्या कोपऱ्याचं त्याला दुःखही नव्हतं. ओझं उतरलेल्या माणसासारखा हलका चालायचा. रविवारी तो आता खोलीवरच थांबायचा. मोटारसायकलचं बोलायचा, पण ती कशाला घ्यायची होती ते मात्र बोलायचा नाही.

मी शपथ घेतली, की आता ते घर सांगायचं नाही. आणि पुढच्याच ग्रुपला सांगितलं. मागच्या लोकांनी त्यांच्या ओळखीच्यांना कळवलं होतं, तुमच्या त्या गाइडला घराबद्दल नक्की विचारा म्हणून. सगळे गोल करून बसले होते. मी टाळाटाळ केली, मग थोडंच सांगू म्हटलं, आणि थोडं सांगून झाल्यावर त्यांचे चेहरे असे झाले, की अजून काही तरी द्यावंसं वाटलं. घरातलं सगळं तर सांगून संपलं होतं. तेव्हा मी म्हणालो, 'मी मादरे', म्हणजे माझी आई. ती मशीनवर बसते तेव्हा सुईत दोरा ओवायला मला हाक मारते, कारण तिला आता दिसत नाही; आणि दिसत असतं तेव्हाही हाक मारते. मी ओवून दिला की माझ्या डोक्यावरून हात फिरवते आणि तोच हात मशीनच्या चाकावर ठेवते.

हे मला सांगायचं नव्हतं. माणसं यात येत नाहीत, हे मला वर्गात सगळ्यांदेखत शिकवलेलं होतं. तरी मी सांगितलं, आणि सांगताना माझ्या डोक्याला तो हात लागला. माझी स्वतःची आई मी लहान असतानाच गेली. तिच्या हाताची मला आठवण नाही. आता आहे.

त्यानंतर एकदा आम्ही बसमध्ये शेजारी बसलो होतो आणि कृष्णाचा मोबाइल वाजत होता. तो बघून खिशात ठेवायचा. पुन्हा वाजायचा.

"घे की," मी म्हणालो.

"कोण बाई आहे, रोज करती. राँग नंबर म्हणून सांगितलं तरी रडती बिचारी." त्यानं स्क्रीन माझ्याकडं वळवली. "तुमच्या ओळखीची आहे का? नंबर कुणी तरी 'आई' म्हणून सेव्ह करून ठेवलाय."

मला त्या क्षणी बसमधून उडी टाकावीशी वाटली. लाज वाटली की माणूस मान खाली घालतो म्हणतात. माझी तर वरही होईना नि खालीही होईना. मी नुसता त्या उजळलेल्या दोन अक्षरांकडं ती विझेपर्यंत बघत राहिलो.

सोमवारी सकाळी मी त्याला स्कूटरवर मागं घेतलं आणि बिडकीनला निघालो. जे माझ्या तोंडानं गेलं ते माझ्याच तोंडानं परत करू, एवढाच विचार होता. त्याला म्हणालो, चल, एक घर दाखवतो. तो खुशीत होता. नव्या कारखान्यांची कुंपणं लागली तशी एकेक पाटी मोठ्यानं वाचू लागला. गावात शिरल्यावर मला कुणाला विचारावं लागलं नाही. मारुतीपासून डावीकडं, पिठाच्या गिरणीवरून पुढं, आणि निळं दार. मी कधीही न पाहिलेलं. माझा उजवा हात कडीवर गेला, गुडघा टेकला, आणि दार आवाज न करता उघडलं.

आत मशीनवर कृष्णाची आई, मनकर्णाबाई, बसल्या होत्या. आधी त्यांनी मला पाहिलं आणि पदर सावरला. मग माझ्यामागं कृष्णा दिसला आणि त्या हातातलं कापड तसंच टाकून उठल्या. "किसना," म्हणाल्या. "किती रे वाट पाहायला लावतोस? फोन का घीना बाळा?"

कृष्णानं वाकून नमस्कार केला. वडीलधाऱ्या परक्या बाईला करतात तसा, हात पायांना न लावता. "बरं आहे ना मावशी?" म्हणाला.

"मावशी?" त्या हसल्या. "नाटक करतो व्हय? शहरात ह्येच शिकवतेत का?" आणि माझ्याकडं वळून म्हणाल्या, "लहानपणापासून असाच आहे बगा. बसा तुम्ही."

मी बसलो नाही. मी त्याला दंडाला धरून मशीनपाशी नेलं. "हे बघ कृष्णा, हे तुझं आहे," मी म्हणालो, "हा डाग तुझ्या हातून पडलेला आहे." पेटीचं झाकण मी उघडलं, जहाज होतं, निळ्या समुद्रावर, एक कोपरा सुटलेलं. चुलीमागच्या कोनाड्यातली मिठाची बरणी दाखवली, परसात नेलं, शेवगा दाखवला, न्हाणीतला दगड दाखवला. हे तुझं, हेही तुझं. मी सांगत होतो आणि माझ्या कानांना माझा आवाज ओळखू येत होता. लेण्यांतला आवाज होता तो. दुसरा आवाज माझ्याकडं नाही. कृष्णा प्रत्येक ठिकाणी थांबायचा, मान तिरपी करून बघायचा. "अच्छा," म्हणायचा. "किती जुनं असेल हो?"

मनकर्णाबाई आमच्या मागं मागं येत होत्या. आधी हसत, मग नुसत्याच. शेवग्याखाली त्या थांबल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही तर पहिल्यांदाच आला ना? मिठाची बरणी कुठं असती ते तुम्हाला कसं ठावं?"

मला थाप सुचली नाही. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा सुचली नाही.

"ह्यो लहान होता, कोनाड्याला हात पुरत नव्हता," त्या हळू म्हणाल्या, माझ्याकडं न बघता. "डब्यावर चढून मीठ खायचा. ते बी तुम्हाला ठावं आसंल."

ठाऊक होतं. खारट चव जिभेवर आली, डब्याचा गार पत्रा तळपायांना लागला. मी जमिनीकडं बघून मान हलवली.

त्या आत गेल्या आणि पुन्हा मशीनवर बसल्या. बराच वेळ दोरा सुईसमोर धरून होत्या. मग हाक मारली, "आरं बाळा, ओवून दे की." हाक कृष्णाला होती. माझे हात मात्र पुढं झाले. ते मी मागं घेतले आणि पाठीशी एकमेकांत घट्ट धरून ठेवले. कृष्णा माझ्याकडं बघून हसला, आपल्याला म्हणतात की काय, अशा अर्थानं. त्यानं चपला काढल्या, परसदाराच्या उंबऱ्याच्या आत एक पाऊल टाकलं, खिडकीतून येणारं ऊन मशीनवर, दोऱ्यावर, त्या हातावर पडलं होतं तिकडं काही क्षण भारावून बघितलं, आणि खिशातून मोबाइल काढून मला अदबीनं, दबल्या आवाजात विचारलं,

"नाना, यांचा एक फोटो काढला तर चालेल का त्यांना?"

मनकर्णाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. मग सुई फळीवर ठेवली, पदर डोक्यावरून नीट घेतला, आणि एक हात मशीनच्या चाकावर ठेवून फोटोसाठी ताठ बसल्या.